पहिल्या पानावरचं नाव

नंदकुमारांनी लॅपटॉप कमलकडे वळवला. विमानांच्या अंदाजाच्या अहवालात, पहिल्याच पानावर तिचं नाव होतं, ठळक अक्षरांत. त्यांचं त्याखाली, बारीक.

"हे तेव्हाच व्हायला हवं होतं," ते म्हणाले.

कमलच्या आईने, धुरपदाबाईंनी, मावा जिलेबीची बशी पुढे केली. "घ्या ना सर, और एक. मुंबईला अशी नाही भेटत." त्यांनी घेतली. बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेतलं हे घर शोधायला त्यांना तीनदा विचारावं लागलं होतं.

तो अंदाज कमलने बांधला होता: कारखान्यांतून दरवर्षी किती नवी विमानं बाहेर पडतील आणि कंपनीची किती जुनी विमानं निवृत्त होतील. नंदकुमार तेव्हा मुंबईच्या त्या विमान कंपनीत तिचे साहेब होते. त्यांनी तो स्वतःच्या नावाने संचालकांपुढे ठेवला. तिने विचारलं, तेव्हा हसून म्हणाले की बुऱ्हाणपूरच्या पोरीने केळीचा अंदाज काढावा, विमानांचं आम्ही बघतो. ती नोकरी सोडून गावी आली आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागली.

त्या अंदाजावर विसंबून कंपनीने भाड्याची जुनी विमानं परत केली. नवी अजून आलीच नव्हती. तिकिटं विकलेली, विमानं नाहीत. त्यातच ही कंपनी दुसऱ्या एका विमान कंपनीत विलीन होत होती. नियोजनाची खाती दोन, प्रमुखाची खुर्ची एक. सोमवारी विलीनीकरणाची समिती विचारणार होती, हा अंदाज कुणाचा.

"तू फक्त हो म्हण," नंदकुमार म्हणाले. "तुला आता काय फरक पडतो? मी गेलो तर माझ्या हाताखालचे पण जातील, कमल."

त्या हाताखालच्यांतली निर्मला तेव्हा रोज कमलसोबत डबा खायची.

"चूक कुठे आहे ते सापडलं का, सर?"

सापडलं नव्हतं.

"कारखान्याला उशीर झाला, की जुनं विमान सोडता येत नाही. नवं येईपर्यंत ते उडवावंच लागतं. ते दोन आकडे एकमेकांशी जोडायचे राहिले होते. त्याच आठवड्यात मी ते जोडणार होते. त्याआधी तुम्ही अंदाज नेलात."

त्यांच्या हातातली जिलेबी तशीच राहिली. "तुला माहीत होतं? इतकी वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, विमानांचं तुम्ही बघाल."

तिने लॅपटॉप जवळ ओढला. स्वतःच्या नावाच्या शेवटी कर्सर नेऊन एकेक अक्षर पुसलं. मग त्यांचं नाव वर घेतलं, मोठं केलं, ठळक केलं. क्षणभर निरखून पाहिलं आणि लॅपटॉप मिटून त्यांच्यासमोर ठेवला.

धुरपदाबाई चहाचे कप उचलायला आल्या. "झालं का सर तुमचं काम?"

"झालं," कमल म्हणाली. "जिलेबी बांधून दे, आई."