रांगेतला शेवटचा

खांद्यावर हात पडला तेव्हा गादीवालीच्या मागे कोणीच नव्हतं. असायचं कारणच नव्हतं. रांगेत शेवटची तीच होती.

तिने मान वळवली नाही. चालताना मागे बघायचं नाही, तोल जातो, असा ताईंचा नियम होता. फुफ्फुसं कमजोर झालेल्यांचा हा व्यायामवर्ग ताई चालवायच्या. वयाने सगळ्यांत लहान, पण त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि एका चालीने हॉलला फेऱ्या मारायच्या. ज्याला दम लागेल त्याने पुढच्याला दोन थापा द्यायच्या. त्याने त्या आपल्या पुढच्याला. अशा थापा सगळ्यांत पुढे चालणाऱ्या ताईंपर्यंत पोचल्या की अख्खी रांग थांबायची. कोण दमलं, हे विचारायचं नाही.

न विचारताही सगळ्यांना ठाऊक असायचं. गादीवालीचा नवरा, सुतार. शेवटी चालायचा आणि रोज थापा द्यायचा. कारखान्यात गाद्यांचा कापूस पिंजून पिंजून हिची छाती भरलेली, तसा लाकडाच्या भुशाने त्याच्या छातीचा घास घेतला, असंच ती समजून चालली होती. दोघं वर्गात आली होती एकाच दिवशी. हिने मात्र स्वतःहून एकदाही थाप दिली नाही. तोच तिचा मोठा तोरा. घरी जाताना वाटेत त्याची खरडपट्टी निघायची. "अहो, चारचौघांत शोभा होते माझी. मी बाईमाणूस चालतेय, आणि तुम्हाला लगेच धाप!" तो नुसता हसायचा. म्हणायचा, "मी पडलो आळशी."

मग एका सकाळी तो कामावर शिडीवरून पडला आणि गेला.

आज डॉक्टर बघायला आले होते. जो न थांबता चालेल त्याचा वर्ग संपणार होता. गादीवालीला सुटका हवी होती. त्याच्याशिवायचं घर ती कसंबसं सोसत होती. पण या हॉलमध्ये पाठीमागची रिकामी जागा तिला सोसवत नव्हती.

आणि आता ती रिकामी नव्हती.

खिडकीजवळची लाकडी फळी सैल होती. सुतार रोज म्हणायचा, एक खिळा द्या, आत्ता बसवतो. बसवली कधीच नाही. तिच्यावरून जो जाईल त्याच्या पायाखाली ती करकरायची. गादीवालीच्या पुढचा ड्रायव्हर गेला, करकरली. गादीवाली गेली, करकरली. ती दोन पावलं पुढे आली आणि मागे फळी पुन्हा करकरली.

खांद्यावरचा हात नीट जाणवत होता. मधलं बोट अर्धंच. बाकीचं अर्धं करवतीने कधीच खाल्लं होतं.

दोन थापा पडल्या.

सासू सांगायची, गेलेलं माणूस आपल्या माणसाला न्यायला येतं. गादीवाली भराभर चालायला लागली.

"बाई, टाचा तुडवताय माझ्या," ड्रायव्हर पुढूनच म्हणाला. "ओव्हरटेक करायचं असेल तर हॉर्न तरी द्या."

रांग हसली. गादीवालीला हसायला श्वास पुरेना. भीतीने असेल, असं तिला वाटलं. नाही यायचं मला, ती मनात म्हणाली. लेकीचं बाळंतपण व्हायचंय अजून. नातवंडाचं तोंड बघू द्या.

पुन्हा दोन थापा. या वेळी जोरात, सुताराच्या हाताच्या.

दारात डॉक्टर वही काखेत धरून उभे होते. आत्ता रांग थांबली की सुटका गेलीच. आणि एकदम तिची भीती पळाली, तिथे राग आला. तोच जुना, रोजचा. मेला तरी खोड जात नाही या माणसाची. आज एक दिवस धीर धरवला नाही! रागारागाने तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर दोन थापा हाणल्या.

रांग थांबली. ताई मागे आल्या, तिचा चेहरा बघितला आणि खुर्ची ओढली. बोटाला यंत्र लावलं. आकडा बघून त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावत आले, तोंडावर मास्क चढला, नळीतून प्राणवायू सुरू झाला.

"आणखी एक फेरी झाली असती," शेवटी डॉक्टर म्हणाले, "तर आमच्या हातात काही राहिलं नसतं."

ताई तिच्यासमोर खाली बसल्या. "पहिल्यांदाच थांबलात तुम्ही."

"रोज हेच थांबवायचे," गादीवाली मास्कमधून पुटपुटली. "यांनाच दम लागायचा."

ताईंनी तिचा हात हातात घेतला. "त्यांना काही झालेलंच नव्हतं हो. फुफ्फुसं ठणठणीत होती. मला हिच्या मागे उभं करा, म्हणून हातापाया पडले होते माझ्या. तुमच्या कानाच्या पाळ्या निळ्या पडायला लागल्या की थाप द्यायचे. म्हणायचे, ती स्वतःसाठी थांबायची नाही, पण माझ्यावर चिडायला नक्की थांबेल."

गादीवालीला रडू फुटलं. वाटेवरचं आपलं एकेक बोलणं तिला आठवलं आणि आतून भाजल्यासारखं झालं.

ड्रायव्हर खांदा चोळत जवळ आला. "पण बाई, आज तर तुमच्या मागे कोणीच नव्हतं. मग थांबायचं कळलं कसं तुम्हाला?"

सगळे जागच्या जागी उभे होते. खिडकीजवळ फळी हळूच करकरली.

गादीवालीने डोळे पुसले आणि मास्क जरा बाजूला केला.

"आणखी एक खुर्ची द्या," ती म्हणाली. "हे कधीचे उभे आहेत."