तयार इंजिन

दस्तगीर मिस्त्रीने स्क्रू-ड्रायव्हर जीपच्या इंजिनाला टेकवला आणि त्याच्या मुठीला कान लावला.

"ठोके मंदावलेत, बाजीराव. दुरुस्त करायचं तर मांडीतून पुन्हा मांस द्यावं लागेल. नाहीतर तयार इंजिन बसवा."

"तयार इंजिन कुणाच्या मांसाचं असतं?"

"ते विचारायचं नसतं."

"मग माझंच काढ."

"तुमच्या मांडीत आता उरलंय काय?"

दसऱ्याचा हार घेऊन उभ्या असलेल्या बाजीरावांच्या मुलीने, यमुनाने, बाही वर सारली.

"तयारच बसव!" बाजीराव ओरडले.

तासाभराने मिस्त्रीने नव्या इंजिनाचे ठोके त्यांना ऐकवले. लहान मुलाच्या छातीत पडावेत तसे ते भरभर पडत होते.

बाजीरावांनी काहीच विचारलं नाही. यमुनाच्या हातून हार घेऊन त्यांनी इंजिनाला घातला.