राळ धरेना

व्हायोलिनचा गज तारांवरून नुसता घसरू लागला, तेव्हा शंभूला आधी राळेचाच संशय आला. परवा पार्सेच्या देवळात नाटक, आणि साथीचं व्हायोलिन मुकं! तडक पणजीला जाऊन त्याने नवी राळ आणली आणि गजाच्या केसांवर पांढरी भुकटी उडेपर्यंत घासली. सूर मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी उघडली, तर गज पुन्हा घसरतोय. त्याने केस नाकाशी नेले. खोबरेल!

गजाला तेलाचं बोट लागलं की राळ धरत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सगळे म्हणजे नवरा-बायको दोघंच.

"हात लावलंस गो ह्याका?" त्याने आत जाऊन विचारलं.

"मी कित्याक लावू?" कमलाक्षीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तापात तिचे केस गळाले, ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून घरात खोबरेलाची बाटलीच नव्हती.

शंभूने स्पिरिटने गजाचे केस पुसले, राळ लावली, गज सैल करून पेटीला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या कमरेला.

नाटकाच्या दिवशी दुपारी कमलाक्षी आतल्या खोलीत गुणगुणत होती. कित्येक महिन्यांनी. शंभूने कुलूप काढलं.

गजाचे पांढरे केस टोकापासून मुठीपर्यंत घट्ट विणलेले होते. तीन पेडांची वेणी, आणि शेवटाला अबोलीचा ताजा वळेसर माळलेला.

त्याने एक पेड सोडवायला ओढला.

आतलं गुणगुणणं थांबलं.

"हळू हो," कमलाक्षी म्हणाली, "दुखता."