काचेवरची वाफ

देशातलं ते पहिलं मासिक, आणि त्याची ही शेवटची प्रत. पानं इतकी जीर्ण, की स्कॅनरवरून उचलताना हातातच भुगा व्हायचा. पडद्यावर उमटेल तेवढंच मागे उरणार होतं.

आणि प्रत्येक पानावर तोच धुरकट डाग.

"अगं, काच पूस की नीट!" शेजारच्या खोलीत पडद्यावर पानं तपासणारे साहेब ओरडले.

"पुसून पुसून हात भरून आले, साहेब!"

तिनं वाकून पाहिलं. डाग वाफेचा होता. काचेला तोंड लावून कुणी श्वास घ्यावा, तसा पसरत होता, आक्रसत होता. फडकं फिरवलं, तरी हलेना. वाफ काचेच्या खालच्या बाजूला होती.

फडकं बाजूला ठेवून, उसनं हसून ती यंत्राला म्हणाली, "मग आता तूच पूस, बाई."

आतून करकर आवाज आला आणि काच पुसली गेली, बाहेर डोकावण्यापुरती.