वाक्यात उपयोग करा

"'कूल युअर हील्स', म्हणजे ताटकळत बसणं," इंग्रजीच्या सरांनी सांगितलं. "वाक्यात उपयोग? त्या बघा, मुख्याध्यापकांच्या दाराशी बसलेल्या बाई. सकाळपासून टाचा थंड करतायत!"

"सर, आता बर्फ झाला असेल!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला.

खिडकीजवळच्या मुलीनं बाहेर पाहिलं. बाकड्यावर तिची आई होती. ती आपली आई आहे हे कुणाला कळायच्या आत मुलगीही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

वर्गात लेकीला कुणी आपल्यात घेत नाही, हे सांगायला आई आली होती. तिनं खिडकीतून लेकीला सगळ्यांबरोबर हसताना पाहिलं आणि ती उठलीच.

"भेटायचं नाही का?" शिपायानं विचारलं.

"नको आता. रुळली हो माझी पोर."