पूर्ण नाव

"काकू, मला खेळातनं काढतील का?" मायाक्कानं पुन्हा विचारलं.

"न्हाय काढत," वैजयंती म्हणाली. आपलाच आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला.

तेरा वर्षांची ही पोर मंगळवेढ्याकडची. आईबाप मेंढरं घेऊन लांब रानात. ती सोलापुरात खो-खोच्या वसतिगृहात राहायची आणि राज्याच्या संघात निवड व्हायची वाट बघायची. आईला फोनवर सगळं सांगितलं, तर आई म्हणाली, "गप ऱ्हा, खेळ सुटंल." मग तिनं मैदानावर डबा घेऊन येणाऱ्या वैजयंतीजवळ तोंड उघडलं, आणि वैजयंती तिला रिक्षात घालून थेट पोलीस ठाण्यात घेऊन आली. सकाळी भाजीत मीठ घातलं की नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

साध्या साडीतल्या फौजदार बाईंनी पोरीचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. खो-खोच्या सरांनी दार लावून केलेली मालिश, 'कुणाला बोललीस तर घरी पाठवीन' ही धमकी, सगळं मायाक्कानं सांगितलं. अडखळली की ती वैजयंतीचा हात घट्ट धरायची. वैजयंतीला रडू यायला हवं होतं. आलं नाही. नुसतं बधिर वाटत होतं.

मग बाई तिच्याकडे वळल्या. "पोरीच्या शब्दाला आधार लागेल. नाहीतर त्याचा वकील तिलाच खोटं पाडेल. तुम्ही काय पाहिलंत?"

"डबा घिऊन मैदानावर गेल्ते. सामानाच्या खोलीचं दार ढकललं. पोरगी रडत व्हती. त्ये दचकून उठले."

"ते कोण?"

"त्येच की."

"अहो, असल्या माणसाला कसला मान देताय? कोर्टात 'ते' चालत नाही. त्याला घाबरता का?"

"न्हाय."

"मग?"

मायाक्का वैजयंतीच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरीचा हात घामानं ओला झाला होता.

"बाई, पूर्ण नाव सांगा. नाव नसेल तर तुमचा जबाब काही कामाचा नाही, आणि ही पोर एकटी पडेल."

वैजयंतीनं तो हात घट्ट धरला.

"महिपती श्रीमंत कोळेकर," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय तिनं नवऱ्याचं नाव आज पहिल्यांदाच घेतलं.