शेजारी कोण राहतं?

"इथं शेजारी कोण राहतं?" महापालिकेच्या बाईनं विचारलं आणि अर्नेस्टिन टॉलिव्हरनं आधी रस्त्याच्या पलीकडे पाहिलं.

प्रश्न साधा होता. शेजारच्या घरात दोन वर्षं चिटपाखरू नव्हतं. हप्ते थकले तसं बँकेनं मेब्री कुटुंबाला बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं आणि मग बँकही त्या घराला विसरून गेली. पण हे सांगायचं कसं? रस्त्याच्या पलीकडे एक पिकअप गाडी उभी होती. काच खाली केलेली. आत दोघं जण कॉफी पीत बसले होते, आणि मागच्या हौद्यात कुणाच्या तरी भिंतीतून उपटलेले तांब्याचे पाइप पडले होते.

क्लीव्हलंडच्या या गल्लीत रिकामं घर नुसतं ओळखू आलं की दुसऱ्या दिवशी, आतलं तांबं भंगारात विकण्यासाठी, त्याच्या भिंती फोडलेल्या असत. म्हणून अर्नेस्टिन आणि समोरचा ओडेल मिळून ते घर 'नेसवत' असत. हा त्यांचाच शब्द. खिडकीला तिचे पडदे, पायरीवर ओडेलचे जुने बूट, कचरागाडीच्या दिवशी डबा रस्त्यावर. बर्फ पडलं की ओडेल दारापर्यंत उगाच येरझाऱ्या घालायचा, पावलं उमटावीत म्हणून. "एवढ्या फेऱ्या बायकोसाठी मारल्या असत्यास तर ती अजून नांदली असती," अर्नेस्टिन खिडकीतून म्हणायची. आज नेमका तो दवाखान्यात गेला होता.

आता सरकारचा पैसा आला होता. ओसाड पडलेली घरं शहर ताब्यात घेणार, डागडुजी करणार, त्यात पुन्हा माणसं आणणार. मात्र घर रिकामं आहे अशी खात्री पटायला हवी. पालिकेच्या बाईनं (गळ्यातल्या ओळखपत्रावर रेनी ब्रॅकेट असं नाव होतं) पडद्यांकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"राहतंय की कुणीतरी. छान ठेवलंय," ती म्हणाली. "मग हे आमच्या योजनेत बसत नाही." आणि पुढच्या घराकडे निघाली.

गेल्याच महिन्यात मागच्या गल्लीत चोरांनी एका रिकाम्या घरातले पाइप कापले. गॅस चालूच होता. ते घर उडालं आणि त्याच्याबरोबर शेजारचंही, ज्यात म्हातारी मिसेस पीपल्स टीव्ही बघत बसली होती. इथली दोन्ही घरं लाकडी होती आणि मधून माणूस जेमतेम आडवा जाईल एवढीच जागा. पडदे आणि बूट आणखी किती दिवस निभावणार?

"अहो, थांबा." अर्नेस्टिन घाईनं बाईजवळ गेली आणि पुटपुटली, "तिथं कुणी नाही."

"काय म्हणालात?"

"हळू बोला ना. रिकामं आहे ते."

"रिकामं?" रेनीचा आवाज सभेत बोलायची सवय झालेला होता. "मग ते पडदे?"

"माझे."

"आणि बूट?"

अर्नेस्टिनचं सगळं लक्ष पाठीमागे होतं. पिकअपमधला रेडिओ बंद झाला होता.

रेनी मनापासून हसली. "बरं झालं सांगितलंत, मिसेस टॉलिव्हर. हातचं घर गेलं असतं." तिनं पिशवीतून एक पिवळाजर्द कागद काढला आणि शेजारच्या दारावर चिकटवला. त्यावरची अक्षरं रस्त्यावरून वाचता येत होती: रिकामे घर. शहराच्या ताब्यात.

"हे लावायलाच हवं का?"

"नियम आहे."

"आणि काम?"

"पैसा मंजूर झालाय. थंडी सरली की लागेल काम."

"निदान गॅस तरी आज बंद करा."

"ते गॅसवाल्यांकडे असतं. कळवते मी." तिनं आपुलकीनं अर्नेस्टिनच्या दंडावर थोपटलं आणि मोटारीत बसून गेली.

पिकअप मात्र हलली नाही. थोड्या वेळानं त्यातला एक जण उतरला, कॉफीचा कागदी पेला कचऱ्याच्या डब्यात नीट टाकला आणि पिवळ्या कागदासमोर उभा राहिला. तिच्या मुलाच्या वयाचा असेल. दाढी नीट कोरलेली. कागद त्यानं सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"काय आजी, बऱ्या आहात ना?" तो अदबीनं म्हणाला. "कधी येणार म्हणे ही मंडळी?"

आपल्या पायरीचा कठडा घट्ट धरून अर्नेस्टिननं सुचलं ते ठोकून दिलं. "उद्या. उद्या सकाळीच. पोलीसही असणार आहेत बरोबर."

त्यानं मान डोलावली आणि गाडीकडे वळून हाक दिली, "ऐकलंस का रे? मग आजच उरकायला लागेल."

मग तो कठड्यापाशी आला. आवाज खाली आणून, खरंच काळजी वाटावी तसा म्हणाला, "आजी, आज रात्रीपुरतं जाऊन राहायला कुणी आहे का हो तुम्हाला?"